पूनमसिंगचं डुक्कर

उमरखेड तालुक्यातल्या त्या तांड्यावर पूनमसिंग राठोडचं नाव निघालं की आधी डुक्कर यायचं आणि मागून पूनमसिंग. चौतीस वर्षं झाली, तरी ते डुक्कर म्हातारं होण्याचं नाव घेत नव्हतं. उलट दर लग्नसराईत ते वीतभर वाढायचं.

गोष्ट अशी होती. बाविशीतला पूनमसिंग ऊसतोडीला गेलेला. भर दुपारी फडातून रानडुक्कर निघालं. बाकीचे कोयते टाकून पळाले, पूनमसिंग उभा राहिला. डुकरानं त्याला छातीपासून बेंबीपर्यंत उभं फाडलं. त्यानं एका हातानं आतडी सावरली आणि दुसऱ्या हातानं डुकराच्या टाळक्यात कोयता घातला. पुरावा म्हणून गळ्यात काळ्या दोऱ्यात डुकराचा सुळा होता आणि पोटावर व्रण होता. व्रण इतका सरळ, की सुतारानं दोरी मारून आखावा. डुक्कर असं सरळ फाडत नाही, हे तांड्यावर कोणाच्या ध्यानात आलं नाही. गोष्ट रंगली की लोक पट्टी लावून मोजत बसत नाहीत.

खरं म्हणजे डुक्कर नव्हतंच. होता तो अल्सर. दिवसभर ऊस तोडायचा, पोटात चहा आणि तंबाखू, रात्री हातभट्टीची. एका सकाळी पाचटाच्या कोपीसमोर पूनमसिंग गुडघे पोटाशी घेऊन पडला आणि रक्ताची उलटी झाली. दोस्त हिरासिंगनं त्याला उसाच्या ट्रॅक्टरवर घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं पोट उघडलं, भोक शिवलं. शुद्धीवर आल्यावर तिथला डॉक्टर म्हणाला होता, ‘पोटात आम्ल तयार करायला लावणाऱ्या नसा कापून टाकल्या आहेत, आता पुन्हा त्रास होणार नाही.’ पूनमसिंगनं मान डोलावली आणि तो शब्द तिथंच खाटेवर सोडून दिला.

त्याच्या डोक्यात दुसरंच होतं. हंगाम संपला की शेजारच्या तांड्यावरच्या भुरीशी त्याचं लग्न ठरलेलं. भुरीचा बाप मोठा कडक. थोरल्या पोरीचं जमलेलं लग्न त्यानं एवढ्याचसाठी मोडलं होतं की नवऱ्या मुलाचं पोटाचं ऑपरेशन झालेलं निघालं. ‘फाटलेलं पोतं कितीबी शिवा, दाणा गळतेच,’ असं तो पंचांत म्हणाला होता. पूनमसिंग रडायच्या बेतात होता. तेव्हा हिरासिंगनं डुक्कर काढलं. माणूस रोगानं फाटला तर पोतं, डुकरानं फाटला तर मर्द! सुळाही त्यानंच कुठल्याशा बाजारातून आणला. एसटी स्टँडवर बसून दोघांनी तांड्याचं दैवत असलेल्या सेवाभायाची आण घेतली, की हे मेल्यावरही सांगायचं नाही.

भुरीच्या बापानं व्रणावर हात फिरवून पोरगी दिली. पुढं तांड्यानं पूनमसिंगच्या हातात सुरीही दिली. लग्न असो, नवस असो, बोकड कापायचा मान डुकराशी भिडलेल्याचा. आणि या कामात मात्र पूनमसिंगनं कधी खोट केली नाही. त्याचे वाटे म्हणजे वाटे. पळसाच्या पानांवर कलेजी, बरगडी, मांडी अशी पडायची की पंधरा घरांतून एक शब्द उलटा यायचा नाही. अन्ननळी साफ करताना तिला चिकटून दोन पांढरे दोरे खाली उतरलेले असत. ते तो अंगठ्याच्या नखानं सर्रकन सोलायचा आणि नको असलेल्या बाकीच्या आतड्यांबरोबर कुत्र्यांकडे फेकायचा. चौतीस वर्षांत असे किती दोरे फेकले, त्याला गणती नाही.

एकच गोष्ट त्याला साधली नाही. पोटभर जेवणं. अर्धी भाकर गेली की पोट गच्च व्हायचं, घाम फुटायचा, आणि कधीकधी पाण्याचा डबा घेऊन शेताकडे पळावं लागायचं. डुकराला गोष्ट होती, अर्ध्या भाकरीला नव्हती. मग तिचा ठपका आपोआप भुरीबाईवर आला. सासू ताटातली उरलेली भाकर उचलून साऱ्या तांड्याला दाखवायची, ‘पाहा व, माह्या लेकानं आजबी टाकली. हाताले चवच नाई हिच्या.’ भुरीबाईनं पीठ बदललं, जातं बदललं, आईकडे जाऊन आठ दिवस नव्यानं भाजी शिकून आली. पूनमसिंग अर्धीच खायचा. नवी नवरी असताना ती चुलीपुढं बसून रडायची, हे त्यानं पाहिलं होतं. सांगावं असं त्याला एक-दोनदा वाटलंही. पण सांगायला गेलं की दोरा धरून सगळंच उसवलं असतं. तो गप्प राहिला. सासू गेली, बादल मोठा झाला, त्याचंही लग्न झालं, आणि भुरीबाईचा हात बेचव तो बेचवच राहिला. जेवणाची पंगत असली की ती स्वयंपाकाला पुढं होत नसे, पाणी वाढायला उभी राहायची.

यंदा पूनमसिंगच्या उजव्या बरगडीखाली जड वाटायला लागलं. यवतमाळला एका दवाखान्यात फोटो काढला, तर लिव्हरमध्ये पाण्याच्या गाठी, एकीला लागून एक, नारळाएवढ्या. डॉक्टर धम्मदीप मनवर हा मारेगावकडचा माणूस, पेशंटशी पेशंटच्याच बोलीत बोलायचा. तो म्हणाला, “काका, बोकडाचं नको ते कुत्र्याले टाकलं, कुत्र्याच्या अंगावर हात फिरवला, तोच हात तोंडात गेला. तिथून येते हे. उजवा भाग पुरा गेला. तो काढा लागते. तीन वाट्यांतला एक वाटा राहीन.”

“एका वाट्यावर माणूस जगते का?” बादलनं विचारलं.

“लिव्हरची तेच तर गंमत आहे. कापलं की वाढते. पंधरा दिवसांत बरंचसं भरून येते.” मग त्यानं पूनमसिंगचा सदरा वर केला. “हा व्रण कायचा?”

पूनमसिंगनं तोंड उघडलंही नव्हतं. भुरीबाईच पुढं झाली. तिचा चेहरा कसा उजळला होता! “डुकरानं फाडलं साहेब. उसाच्या फडात. एकल्यानं मारलं यायनं.” आणि तिनं हात हलवून सगळं सांगितलं, आतडी, कोयता, टाळकं. नर्स कानात प्राण आणून ऐकत होती. डॉक्टर हसला, “काका, तुमी तर जबर माणूस,” आणि कागदावर लिहून घेतलं.

याच वेळी बोलायचं होतं. पूनमसिंगला ते कळलं नाही असं नाही. पण बायकोचं उजळलेलं तोंड समोर होतं, लेक बाजूला उभा होता, आणि त्यानं मनाशी हिशेब मांडला, की रोग लिव्हरचा, व्रण पोटाचा. एकाचा दुसऱ्याशी काय संबंध? त्यानं नुसता सुळा चाचपला.

ऑपरेशन सहा तास चाललं. सुळा नर्सनं काढून भुरीबाईकडे दिला, तो तिनं पदराच्या गाठीत बांधला. पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी डोळे हळदीसारखे दिसू लागले. चौथ्या दिवशी पोट फुगलं. पाचव्या दिवशी डॉक्टर म्हणाला, “काका, दोन्ही हात समोर धरा, थांब म्हणल्यावानी,” तर पंजे आपोआप फडफडले. ज्या हातांनी पंधरा घरांचे वाटे रतीभर फरक न पडू देता पाडले, ते हात त्याचं ऐकेनात. त्याला झोप येत होती. जागा असला की बोलता बोलता शब्द हातातून निसटायचे. काविळीचा आकडा चढत होता. डुक्कर चौतीस वर्षं वाढत राहिलं होतं आणि पोटातला तो एक वाटा वाढायला तयार नव्हता.

त्या दिवशी दुपारी दीडच्या सुमाराला डॉक्टर मनवर खुर्ची ओढून खाटेपाशी बसला. एका बाजूला भुरीबाई, पायाशी बादल. डॉक्टरनं दाढी केली नव्हती.

“मी लपवत नाई,” तो म्हणाला. “लिव्हर वाढून नाई राह्यलं. चार वाजता नागपूरचे मोठे डॉक्टर येतीन. पोट परत उघडाचं का नाई, ते ठरवाचं आहे. आत एखादी शीर पिळली असंन, नळी दबली असंन, तर उघडलं पाह्यजे. नाई उघडलं तर माणूस हातचा जाईन. सोनोग्राफीत शिरा ठीक दिसते, पण फुगलेल्या पोटात पुरतं दिसत नाई.”

“मंग उघडा,” बादल म्हणाला.

“दुसरी गोष्ट ऐक. लिव्हर कापलं की ते मेंदूले निरोप धाडते. मेंदू उलटा निरोप धाडते, का वाढ. हा निरोप जाते एका नसेतून. गळ्यातून, छातीतून, अन्ननळीले चिकटून दोन पांढरे दोरे खाली उतरते. पोट, आतडे, लिव्हर, सगळ्यायले तेच जाते. उंदरात ते कापून पाह्यले, तर लिव्हर वाढाले लय उशीर लागला. माणसाचं पक्कं गणित अजून कोणाजवळ नाई, माह्याजवळबी नाई. पण जुन्या काळी अल्सरच्या ऑपरेशनात हेच दोरे कापत होते. त्या टायमाले तोच इलाज होता.” तो पूनमसिंगकडे वाकला. “काका, आत मले जठराच्या तोंडाशी जुने टाके दिसले. डुकराचं म्हणून मी गप राह्यलो. आता रात्रभर तेच डोक्यात आहे. ते दोरे कापलेले असतीन तर उशीर हाच रोग आहे. उघडून काही भेटणार नाई, आणि या हालतीत उघडलं तर टेबलावरून माणूस वापस येणार नाई. मंग फक्त वाट पाहाची. सांगा, खरंच डुक्कर होतं?”

अन्ननळीला चिकटून उतरणारे दोन पांढरे दोरे. डॉक्टरला चित्र काढून दाखवायची गरज नव्हती. पूनमसिंगच्या अंगठ्याच्या नखाला ते माहीत होते. नखाखाली सर्रकन सोलून येणारा तो ओलसर दोरा त्याला आत्ताही जाणवला. आणि चौतीस वर्षं खाटेवर सोडून दिलेला शब्द आपल्या पायांनी चालत आला, ‘नसा कापून टाकल्या आहेत.’ आपला जीव आपल्याच तोंडात अडकला आहे, हे त्याला इतकं स्वच्छ कळलं की डोक्यातलं धुकं क्षणभर बाजूला झालं.

नाई, म्हणायचं होतं. दोन अक्षरं. त्यानं जीभ उचलली.

“उसाचा फड होता,” तो म्हणाला. “ऊस डोक्याच्या वर...”

“हो,” भुरीबाई म्हणाली, “आन् मंग डुक्कर निंगालं.”

“डुक्कर निंगालं,” त्याची जीभ म्हणाली.

घात झाला. तो मान हलवू लागला, पण नुसती उशी हलल्यासारखं दिसलं. त्यानं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा ऊस आला. चौतीस वर्षं बैल एकाच वाटेनं गेला की गाडीवान झोपला तरी गाडी तिथंच जाते. त्यानं दात आवळले, घाम फुटला, आणि तोंडातून आलं ते असं, “एका हातानं आतडे धरले...” भुरीबाईनं त्याचं कपाळ पुसलं आणि बाकीचं वाक्य पुरं केलं. तिला वाटत होतं आपण मदत करतोय. पूनमसिंगला ओरडावंसं वाटत होतं, की बाई, एक डाव गप राहा, मी मरून राह्यलो!

त्यानं हात उचलला. गळ्यापासून छातीपर्यंत बोट ओढलं, नखानं सोलल्यासारखं केलं आणि दोन बोटांची कात्री केली. पण पंजा फडफडत होता. बादलला वाटलं बापाला पाणी हवंय.

डॉक्टरनं घड्याळाकडे पाहिलं. “त्या टायमाले यायच्या संगं कोण होतं?”

“हिरासिंग काका,” बादल म्हणाला. “आहेत तांड्यावर.”

“लाव फोन. आवाज मोठा कर.”

पूनमसिंगच्या छातीत आशा उसळली. हिऱ्या! हिऱ्याला सगळं माहीत आहे. दोन वाजत आले होते. फोन दोनदा कट झाला, तिसऱ्यांदा लागला. तांड्यावर कुठंतरी कोंबडं ओरडत होतं, तेही ऐकू आलं.

“हिरासिंग काका, मी बादल. बा सिरियस आहे. डॉक्टर साहेब इचारून राह्यले, बाचं पोट त्या वर्षी कायनं फाटलं होतं? खरं खरं सांगा.”

पलीकडे हिरासिंगनं घसा साफ केला. “डुकरानं, बापू. आन् कायनं? म्या या डोयानं पाह्यलं. असं वासराएवढं जनावर! बाकी सगळे पळाले, म्याबी पळालो, आपली लाज नाई. तुह्या बापानं...”

आणि तो सांगत गेला. पूनमसिंगनं आजवर ऐकलेली सगळ्यात चांगली गोष्ट ती हीच. हिरासिंगचा आवाज कापत होता. दोस्त मरणाच्या दारात आहे, आणि आण मोडवायला कोणीतरी डॉक्टरला पुढं केलंय, असंच त्या म्हाताऱ्याला वाटत असणार. मेल्यावरही सांगायचं नाही, असंच ठरलं होतं ना? मग तो इमानदार माणूस आपल्या मित्राचा जीव घेणारी गोष्ट जीव तोडून सांगत होता. त्याचा राग तरी कसा यावा.

“झालं,” डॉक्टर हळू म्हणाला आणि उठू लागला. “मंग उघडाच लागते.”

पूनमसिंगनं बादलचं मनगट पकडलं. आता त्यानं ‘नाही’ हा शब्द शोधला नाही, डुकराला हटवायचा प्रयत्नही केला नाही. त्या सगळ्याच्या मागं, एसटी स्टँडच्या बाकड्यावर, दोन पोरं बसली होती. तो तिकडे गेला. तिथं एकच शब्द होता आणि तो कधी कोणाला सांगितलेला नव्हता, म्हणून तो झिजलाही नव्हता.

“हिऱ्या,” तो फोनकडे पाहून म्हणाला. “आण.”

फोनवरचं डुक्कर थांबलं.

“आण सुटली, हिऱ्या. म्या सोडली.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. म्हातारा माणूस रडत होता. “पूनम्या, तुले शुद्ध आहे का रे? तूच बोलून राह्यला का?”

“मीच. सांग.”

आणि हिरासिंगनं सांगितलं. ट्रॅक्टर, रक्ताची उलटी, सरकारी दवाखाना, पोटातलं भोक. “नसा कापल्या म्हणत होते डॉक्टर साहेब. पोटाच्या वरच्या अंगाले. कागदबी होता, म्या फाडून नदीत टाकला. भुरीच्या बापाच्या भेवानं. सुळा बाजारातला आहे. वहिनी, तिथं आहे का तू? वहिनी, माह्याच डोक्यातून निंगालं ते डुक्कर. त्याचं नोतं.”

डॉक्टर केव्हाच उठून बाहेर पळाला होता, नागपूरच्या डॉक्टरांना फोन करायला. बादलनं भिंतीला पाठ टेकली. भुरीबाई फोनकडे पाहत होती. तिनं पदराची गाठ सोडली, सुळा काढला आणि औषधाच्या बाटल्यांशेजारी ठेवून दिला. मग ती बाहेर व्हरांड्यातल्या नळावर गेली. नळाचं पाणी वाहत राहिल्याचा आवाज पूनमसिंगला किती तरी वेळ ऐकू येत होता.

चार वाजता मोठे डॉक्टर आले. त्यांनी कागद पाहिले, पोट दाबलं, मनवरशी इंग्रजीत बोलले. पोट उघडलं नाही. वाट पाहायची ठरली.

वाट पाहणं म्हणजे काय, ते त्यापुढच्या दिवसांत सगळ्यांना कळलं. आकडा चौदा झाला, सोळा झाला, सतरा झाला. पोटातलं पाणी सुईनं काढलं, पुन्हा भरलं. गोड, चिकट औषध पाजून पोट वाहतं ठेवत, म्हणजे डोक्याला चढणारं विष बाहेर पडेल. डॉक्टर मनवर दिवसातून चारदा यायचा. एकदा त्यानं बादलला व्हरांड्यात सांगितलं, ते दार उघडं असल्यानं पूनमसिंगनं ऐकलं. “आधी मालूम असतं तर मी एका डावात एवढं कापलंच नसतं. दोन डावात कापलं असतं. आधी थोडं वाढू दिलं असतं.” मग हळूच, “बाले सांगू नको.”

सांगायला कशाला हवं होतं! पूनमसिंग पडल्या पडल्या तेच कातत होता. एका पोरीसाठी खोटं बोललो आणि त्या खोट्यानं आता तिच्याच कपाळाचं कुंकू पुसायला घेतलंय. चूक माझी, माझ्यावर पडू दे, हे तर झालंच, पण ती खाटेपाशी बसली आहे तिचं काय? भुरीबाई सगळं करत होती. अंग पुसायची, कूस बदलायची, चमच्यानं पेज पाजायची. बोलत मात्र नव्हती. नर्सनं विचारलं, “मावशी, डुकराची गोष्ट सांगा ना,” तर ती उठून चादर झटकायला लागली.

नवव्या दिवशी आकडा सतरावरच राहिला. दहाव्याही दिवशी सतराच. फोटो काढला. डॉक्टर म्हणाला, “वाढलं. वाटीभर, पण वाढलं. मेंदूची वाट बंद असली तरी लिव्हर आपल्या परीनं रांगून राह्यलं. पण धुंदी उतरली पाह्यजे. लिव्हरची आन् धुंदीची शर्यत आहे.” धुंदी उतरत नव्हती. पूनमसिंगला कधी छत दिसायचं, कधी ऊस.

अकराव्या दिवशी दुपारी बादल औषधाला गेला होता. भुरीबाईनं पेजेची वाटी हातात घेतली आणि पाजायचं सोडून तशीच बसून राहिली. घरात ते दोघं बंजाऱ्यांच्या गोरबोलीतच बोलत. आतासुद्धा ती त्याच बोलीत बोलली, फक्त इथं ती सगळ्यांना कळेल अशी लिहिली आहे.

“बादलचे बा, जागे आहे का?”

त्यानं पापण्या हलवल्या.

“म्या डॉक्टरले इचारलं. म्हणलं साहेब, त्या नसा कापल्या तर माणसाले जेवण जाते का? ते म्हणे, नाई मावशी. अशा माणसाले अर्ध्यातच गच्च होते. जेवलं का घाम येते, पळा लागते.” तिचा आवाज सरळ होता, सरळ असल्यानंच भयंकर होता. “चौतीस वर्सं. तुमची माय ताट उचलून दाखवे. तुमी तिथंच बसून राहत होते. बादलच्या लग्नात माह्या हाती पीठ दिलं नाई कोणी. पोटचा पोरगा म्हणे, आई, तू राहू दे. डुकराचं नाई मले काही. एक नाई, दहा डुकरं सांगतले असते, तरी म्या ऐकले असते. पण भाकरीचं काहून नाई सांगतलं?”

पूनमसिंगच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे उतरलं. पिवळं पाणी, तिनं ते पुसलं नाही.

“सांगा. चव होती का माह्या हाताले?”

होती. होती, होती. त्याचं सारं अंग म्हणत होतं. त्यानं तोंड उघडलं आणि जीभ जुन्या वाटेला लागली.

“उसाचा फड होता,” तो म्हणाला. “ऊस डोक्याच्या वर.”

भुरीबाईनं डोळे मिटले. पण या वेळी तिनं वाक्य पुरं केलं नाही. पूनमसिंग त्या उसात एकटाच उभा राहिला. पुढचं कोणी सांगेना. त्यानं वाट पाहिली. पाचोळा हलला नाही, काहीच निघालं नाही.

“मंग?” बऱ्याच वेळानं तिनं विचारलं.

“डुक्कर आलंच नाई,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“भूक लागली होती.” तो शब्द एकेक करून वेचत होता, वाटा मांडताना कलेजीचे तुकडे मांडायचा तसे. “भाकर होती. तुही. गोड होती, भुरे. पोटात जागा नोती.”

भुरीबाईच्या हातातली वाटी कलंडली आणि थोडी पेज तिच्या लुगड्यावर सांडली. ती रडली, सासू मेली तेव्हा रडली नव्हती अशी रडली. नर्स दारात येऊन परत गेली. रडून झाल्यावर तिनं पदरानं वाटी पुसली, उरलेली पेज चमच्यात घेतली.

“ही मी केली आहे,” ती म्हणाली. “खालच्या मजल्यावर चूल आहे, तिथं. जेवढी जाते तेवढीच खा. उरली तर उरू द्या.”

त्यानं दोन चमचे खाल्ले. तिसरा ओठांवरून परत आला. उरलेली पेज भुरीबाईनं वाटीला तोंड लावून पिऊन टाकली. उद्या सकाळी आकडा पाहायला पुन्हा रक्त न्यायला येणार होते.